जिन्यातले अठरा हात

नीतिशास्त्र शिकवून माणूस थकतो असं कुणाला सांगितलं तर लोक हसतात. अंबडच्या कारखान्यात लेथवर आठ तास उभा राहणारा थकतो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी पाळी करणारा थकतो. फळ्यावर खडूने 'का?' एवढं लिहून टेबलाला टेकणाऱ्या माणसाला थकायला काय झालं? पण मी थकायचो. नाशिकच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातले दोन पेपर माझ्या गळ्यात कायमचे पडले होते. एक नीतिशास्त्र, दुसरा सौंदर्यशास्त्र. पहिल्यात विचारायचं की चांगलं वागायचं ते का, दुसऱ्यात विचारायचं की कला म्हणजे काय. नोकरी लागली तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला थोडीफार येत होती. निवृत्त होईपर्यंत तीही गेली.

वर्गात वीस-बावीस मुलं असायची. दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून आलेली. मी फळ्यावर एक जिना काढायचो. सगळ्यात वरच्या पायरीवर लिहायचं, 'खोटं बोलू नये'. का बोलू नये? खालच्या पायरीवर, 'कारण विश्वास तुटतो'. विश्वास तुटला तर काय बिघडलं? त्याच्या खाली आणखी एक पायरी. असं करत करत फळा संपायचा. मग मी खडू ठेवून विचारायचो, आता सांगा, ही शेवटची पायरी कशावर उभी आहे? मुलं घड्याळाकडे बघायची. एका वर्षी ओझरहून येणारी एक मुलगी म्हणाली, "जमिनीवर, सर." वर्ग हसला. मीही हसलो आणि ते उत्तर का होत नाही हे तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. ती बिचारी मान डोलावत राहिली.

त्याच मुलीची पुढे हजेरी कमी भरली. आई आजारी होती, घरचं सगळं तिच्यावर होतं. परीक्षेला बसण्यापुरती हजेरी भरली आहे एवढं मी लिहून द्यावं असं तिचं म्हणणं. मी दिलं नाही. जे खरं नाही ते लिहायचं नाही, हा माझा नियम. तिचं वर्ष गेलं. मला वाईट वाटलं, पण नियम पाळल्याचं एक कोरडं समाधानही वाटलं, हे कबूल करायला हवं. हे इथे सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या मुलीचाही हात आहे, तिला ठाऊक नसला तरी.

आता दुसऱ्या जिन्याची गोष्ट. अंबडच्या अलीकडच्या एका कॉलनीत आमची तीन मजली इमारत होती, बारा बिऱ्हाडांची. बहुतेक सगळे कारखान्यात पाळीवर जाणारे, सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहणारे. मास्तर असलेला मी एकटाच. त्यामुळे नव्वदच्या दशकात सोसायटीचा सेक्रेटरी नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "सर, तुम्हाला वेळ असतो." तेव्हापासून पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, गटार आणि भांडणं या चार गोष्टी माझ्याकडे आल्या त्या आल्याच.

पाचवी गोष्ट थुंकी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोन कोपरे, असे सहा कोपरे, आणि सहाही लाल. कोण थुंकतं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी माझ्या समजुतीप्रमाणे एक सूचना लिहून लावली. तिच्यात दमदाटी नव्हती. 'प्रत्येकाने असे केले तर काय होईल, याचा प्रत्येकाने विचार करावा', एवढंच वाक्य आणि खाली माझी सही. वर्गात हाच मुद्दा शिकवायला मला तीन तास लागायचे. तळमजल्यावरचे आमचे चेअरमन अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सूचना वाचून ते म्हणाले, "सर, प्रत्येकजण करतोच आहे. आणि काय होतं तेही दिसतंय." तिसऱ्या दिवशी सूचनेवरही कुणीतरी पिचकारी मारली, नेमकी सहीवर.

मग बैठक झाली आणि देवांचा ठराव आला. कोपऱ्यात देव असला की माणूस थुंकत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मी विरोध केला. म्हटलं, देवाला घाबरून जो थुंकत नाही तो काही सुधारलेला नव्हे. आणि देवाला आपण रखवालदार म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवायचं, हे तरी कुठलं चांगलं? चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आधी भिंत स्वच्छ होऊ द्या. माणूस नंतर बघू." दुसऱ्या मजल्यावरच्या मुसलमान कुटुंबाला विचारलं, तुमच्यातलं काही काढायचं का? त्या घरातले चाचा हसून म्हणाले, "आमचं राहू द्या. आम्ही तसंही थुंकत नाही." ठराव अकरा विरुद्ध एक असा मंजूर झाला.

देवांच्या तयार फरश्या बाजारात मिळायच्या, पण आमच्या भिंतींना ओल होती, फरशी धरली नसती. चेअरमननी एक पेंटर आणला. मखमलाबादकडचा माणूस, घरची फुलशेती आणि भाजीपाला. भाऊ शेतात, हा लहानपणापासून रंगात. मार्केट यार्डातल्या गाळ्यांचे बोर्ड, भाजीच्या टेम्पोंच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरची वचनं, सगळं त्याच्या हातचं. अंगाने काटकुळा, पायजम्यावर साऱ्या शहराचे रंग. तेव्हा पन्नाशीच्या घरात असेल. त्याला सगळे 'पेंटर' म्हणूनच हाक मारायचे, मीही.

पेंटर तंबाखू खायचा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की दर अर्ध्या तासाने तो ब्रश ठेवतो, जिना उतरतो, फाटकाबाहेर जातो, रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या गटारात थुंकून परत येतो. मी म्हटलं, "पेंटर, अजून तर भिंत कोरीच आहे."

"पण काढणार तर हाय ना, सर," तो म्हणाला.

दिवाळीची सुट्टी होती. मी उत्तरपत्रिका तपासायला म्हणून बसायचो आणि कंटाळा आला की चहाचे दोन कप घेऊन जिन्यात जाऊन बसायचो. तसं मी त्याचं काम पाहिलं. गणपती, मारुती, शंकर, साईबाबा, लक्ष्मी हे पाच झाले आणि पहिल्या वळणावरचा एक कोपरा सप्तशृंगीसाठी राहिला. काढायच्या आधी तो जिना नुसता चढायचा आणि उतरायचा, डोळे बारीक करून कोपऱ्याकडे बघत. दोन भिंती मिळतात तिथे बरोबर मधोमध नाक येणार, मग चेहरा दुमडल्यासारखा दिसणार, ही अडचण. त्याने एक गाल दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट रुंद काढला. जवळ वाकून पाहिलं तर देवी वाकडीच होती. चौथ्या पायरीवरून पाहिलं की सरळ व्हायची, मान किंचित कललेली, आणि थेट आपल्याकडे बघायची.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"त्यात शिकायचं काय? माणूस जिथून बघंल तिथून सरळ दिसली म्हंजे झालं."

सप्तशृंगीला अठरा हात. नऊ एका भिंतीवर, नऊ दुसऱ्या भिंतीवर, प्रत्येकात एकेक आयुध. डावीकडे विजेच्या मीटरची पेटी होती आणि तिच्या खाली चार हात झाकले जाणार होते. पेंटर जमिनीवर आडवा होऊन, पेटीखाली मान घालून, तेही काढत होता. हातांनाच दोन दिवस गेले. मला त्याची कणव आली. म्हटलं, "तिथले चार नाही काढलेत तरी कुणाला कळणार नाही."

तो पेटीखालूनच म्हणाला, "अठरा हायेत ना, सर."

"आहेत. पण दिसणार नाहीत ते कशाला काढायचे?"

तो बाहेर आला, उठून बसला आणि मला नीट बघत म्हणाला, "कशाला म्हंजे? अठरा हायेत म्हणून अठरा."

मी वर येऊन वहीत लिहून ठेवलं, 'चक्राकार युक्तिवाद, वर्गात उदाहरण म्हणून चांगलं'. खरंच लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सगळ्या देवांचे डोळे त्याने शेवटच्या दिवशी काढले. त्या दिवशी सकाळपासून तंबाखू नाही, घरून आंघोळ करून आलेला, कपडे धुतलेले. एकेका डोळ्याला तो श्वास रोखून बसायचा. बोर्डांवर तो खालच्या कोपऱ्यात तिरक्या अक्षरात आपलं नाव टाकायचा, ते मी मार्केट यार्डात पाहिलं होतं. इथे टाकलं नाही. विचारलं तर म्हणाला, "देवाच्या पायाशी आपलं कसलं नाव." मीही वाद घातला नाही.

थुंकी बंद झाली, म्हणजे कोपऱ्यातली. लोक आता दोन देवांच्या बरोबर मधे थुंकायचे, हातभर अंतर राखून. चेअरमन म्हणाले, "निदान शिस्त तरी आली." मी त्यानंतर कुठलीही सूचना लावली नाही.

पुढची सहा-सात वर्षं कशी गेली ते आठवत नाही. लोडशेडिंग आठवतं. वीज तयार व्हायची हाकेच्या अंतरावर एकलहऱ्याला आणि अंधार आमच्याकडे, असं सगळे चिडून म्हणायचे. मेणबत्तीत तपासलेल्या उत्तरपत्रिका आठवतात, कलेच्या व्याख्येवर तीच तीच चार पानं. एक व्याख्या घ्यायची आणि तिच्यातून काय काय निसटतं ते दाखवायचं, मग दुसरी घ्यायची आणि तिच्यात नको ते काय काय शिरतं ते दाखवायचं. गव्हाची चाळणी घेतली तर खडे राहतात, रव्याची घेतली तर गहूच येत नाहीत. हे मी दर वर्षी सांगायचो आणि दर वर्षी एखादी मुलगी चाळणीचं चित्र काढून यायची. गुण द्यावेच लागायचे.

याच काळात शहरात फ्लेक्स आले. आधी वाढदिवसांचे, मग दुकानांचे, मग सगळ्यांचेच. सकाळी सांगितलं की संध्याकाळी चकचकीत बोर्ड तयार, फोटोसकट. पेंटर मला अधूनमधून दिसायचा. आधी सायकलवर डबे लटकवलेला, मग नुसता सायकलवर, मग पायी.

एका रविवारी सकाळी तो घरी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक छापील अर्ज. वय झालेल्या कलावंतांना सरकार दरमहा काही मानधन देतं, त्याचा. भावांनी जमीन वाटून घेतली होती, याच्या वाट्याला नुसते शब्द आले होते. मुलगी सासरी. बायको लोकांच्या मळ्यात फुलं तोडायला जायची. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "सर, तुमी कॉलेजात कलेचंच शिकवता ना?"

"हो."

"मग तुमची एक चिठ्ठी पाहिजे. कलेतल्या जाणकार माणसाची. हा माणूस कलावंत हाय, येवढं लिहायचं. फोटोबिटो मी काढून घेतो, बाकीचे कागद हायेत. तुमची चिठ्ठी झाली की झालं."

मी म्हटलं, "आठवडाभर द्या."

तो गेल्यावर माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि दर वर्षी साठ मुलं हाकायची, त्यामुळे माझ्या विचार करण्याबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. "आठवडा कशाला?" ती म्हणाली. "द्या की लिहून दोन ओळी."

"खरं असेल तर लिहीन."

"जिन्यातून रोज उतरता ना? मग खरं काय ते दिसत नाही?"

मला दिसत होतं ते असं: टेम्पोच्या पाठीवर 'आई-वडिलांची कृपा' लिहिणं ही कला का? गिऱ्हाईक सांगेल ते, सांगेल त्या रंगात. जिन्यातले देवही थुंकी थांबवण्यासाठी काढलेले. ही कला म्हटली तर सुतार, गवंडी, न्हावी यांना नाही म्हणण्याचं कारण काय? आणि नाही म्हटलं तर देवीचा तो दीडपट रुंद गाल? आठ दिवस मी हेच करत बसलो. मनातल्या मनात मला ओझरची ती मुलगीही दिसायची. तिला मी नाही म्हटलं होतं. आता याला ओळखीखातर हो म्हटलं तर तिचं गेलेलं वर्ष कुठल्या तोंडाने पाहू?

शेवटी दीड पानी पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की अर्जदाराचं कौशल्य वादातीत आहे, मी ते स्वतः पाहिलेलं आहे. मात्र 'कला' या शब्दाची सर्वमान्य व्याख्या उपलब्ध नसल्याने, काटेकोरपणे बोलायचे तर, त्यांना अत्यंत कुशल कारागीर म्हणणे अधिक उचित ठरेल. पत्र लिहून झालं तेव्हा मला बरं वाटलं. एकही शब्द खोटा नव्हता.

पेंटरने पत्र हात लांब करून धरलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, नुसतं अक्षर बघतोय. ती पुस्तकी भाषा याच्या डोक्यावरून जाणार, असं मी खुशाल गृहीत धरलं होतं. तो म्हणाला, "अक्षर चांगलं हाय तुमचं, सर." घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गेला.

दोन-तीन महिन्यांनी चेअरमनकडून कळलं. खिडकीवरच्या माणसाने वरचंच पत्र वाचलं आणि सगळा गठ्ठा परत केला. म्हणाला, तुमचेच सर लिहितात तुम्ही कारागीर आहात, ही योजना कलावंतांची. बाकीचे कागद त्याने उघडलेही नाहीत. मी म्हटलं, "मी खरं तेच लिहिलं होतं." ते म्हणाले, "हो, हो, तसं काही नाही." बायको त्या दिवशी माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

त्यानंतर पेंटर रस्त्यात दिसला की मी फुटपाथ बदलायचो. तो मात्र लांबूनही हात वर करून नमस्कार करायचा.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी सोसायटीने इमारत रंगवायला काढली. ओल काढायची, गिलावा भरायचा, जिना पांढरा करायचा. ठेकेदाराचे मजूर पेठ-सुरगाण्याकडचे, भात झाल्यावर शहरात कामाला उतरलेले. त्यांनी तीन दिवसांत सगळ्या भिंती केल्या आणि सहा कोपरे तसेच सोडले. रंग उडालेले, पोपडे आलेले देव पांढऱ्या भिंतीत आणखीनच केविलवाणे दिसायला लागले. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "देवावर ब्रश नाय फिरवायचा, साहेब. दुसरं काय पण सांगा." ठेकेदाराने जास्त देऊ केले, तरी नाही. सोसायटीतल्या एकालाही ते जमेना. देव बसवायचा ठराव अकरा जणांनी केला होता. उठवायचे कसे याचा विचार कुणीच केला नव्हता.

चेअरमन आता कारखान्यातून निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "सर, तुम्ही तर्कवाले. तुमचा विरोधच होता. तुम्हीच मारा हात."

मी ब्रश घेतला. मला काहीच अडचण नव्हती. भिंतीवर तेल आणि रंगाची भुकटी आहे, बाकी काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. रंगवण्याच्या बाजूने मी दहा कारणं देऊ शकलो असतो आणि विरुद्ध बाजूने एकही नाही. मी चौथ्या पायरीवर उभा राहिलो. देवीने माझ्याकडे पाहिलं. रंग उडाला होता, एक गाल जवळजवळ गेला होता, पण नजर सरळ होती. हात उचलेना. मला भक्तिबिक्ती वाटली असं म्हणणं खोटं होईल. मला मीटरच्या पेटीखालचे चार हात आठवत होते. मी ब्रश बादलीत ठेवला आणि म्हटलं, "पेंटरला बोलवा."

बोलावलं म्हणजे कुणाकरवी निरोप पाठवला. स्वतः जायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिटी बसने आला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. हात थोडे कापत होते. मी कसंबसं सांगितलं, असं असं आहे, कुणी तयार होत नाही. तो म्हणाला, "माझं काम हाय. मीच मोडाया पाहिजे."

त्याने माझ्या बायकोकडून हळद-कुंकू मागून घेतलं, तांब्याभर पाणी आणि सुपारी. प्रत्येक कोपऱ्यापाशी पाणी फिरवून हात जोडले. मग पिशवीतून एक बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला, चष्मा वर केला आणि आधी देवाचे डोळे मिटवले. आधी डावा, मग उजवा. त्या वेळी हात कापत नव्हते.

"डोळे आधी," तो मला म्हणाला. "डोळे मिटले की ती भिंत झाली. मग कुणीबी रंगवा."

आणि खरंच, डोळे मिटल्यावर मजुरांनी भराभर ब्रश मारले. मी पूर्वीसारखाच पायरीवर बसलो होतो. देवी त्याने शेवटी ठेवली होती. तिचे डोळे मिटवून झाल्यावर तो मजुराला म्हणाला, "पेटीखाली पण मार हां. तिथं चार हात हायेत." दुपारी बारापर्यंत सगळा जिना एकसारखा पांढरा झाला.

बायकोने त्याला जेवायला थांबवून घेतलं. जेवण झाल्यावर चहा आला. मला आता गप्प बसवेना. मी म्हटलं, "पेंटर, त्या वेळची माझी चिठ्ठी... तिच्यामुळेच तुमचा अर्ज परत आला. तुम्हाला तिच्यात काय लिहिलंय ते..."

"मला वाचता येतं, सर," तो म्हणाला. "जल्मभर अक्षरंच काढली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग दिलीत कशाला? फाडून टाकायची. दुसऱ्या कुणाकडून घ्यायची."

"दुसऱ्याकडं कसं मागू? तुमी जिन्यात बसून बघितलं व्हतं. बघितलेल्या माणसानं नाय म्हटलं, मग न बघितलेल्याकडून हो म्हणवून घेऊ?"

मी उठलो, टेबलाशी गेलो, कोरा कागद घेतला. 'हे कलावंत आहेत. मी त्यांचं काम त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे.' खाली सही, नाव, हुद्दा. कारण लिहिलं नाही, व्याख्या लिहिली नाही. दोन मिनिटंही लागली नाहीत. कागद त्याच्या हातात दिला. त्याने हात लांब करून, सावकाश, दोनदा वाचला.

"येवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

त्याने पिशवी उघडली. आत रेशन कार्ड, डोळ्याच्या दवाखान्याचे कागद आणि त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला तो अर्ज. म्हातारी माणसं सगळे कागद सोबत घेऊन हिंडतात तसा. मला हुरूप आला. कितीतरी वर्षांनी मला कशाचा तरी हुरूप आला होता. म्हटलं, आता मी स्वतः घेऊन जातो, बघतो कोण परत पाठवतंय. चष्मा लावून मी यादी वाचायला लागलो. वयाचा दाखला, आहे. रहिवासी दाखला, आहे. जाणकाराचं पत्र, हे झालं. चौथा मुद्दा होता, अर्जदाराच्या कलाकृतींची किमान तीन छायाचित्रं.

"फोटो काढले होते ना तुम्ही?"

"तवा काढणार व्हतो. त्याच्या आधीच कागद परत आले, मग राहिलं."

"हरकत नाही. आता काढू. तुमचे बोर्ड कुठे कुठे आहेत?"

"बोर्ड कुठं राहिलेत, सर? मार्केटातला शेवटचा व्हता. गेल्या दिवाळीत त्याच्यावर फ्लेक्स बसला."

"मग दुसरं काही? भिंतीवरचं, शाळेतलं, कुठलंही..."

बोलता बोलता मी थांबलो. दार उघडं होतं आणि जिन्यातून ओल्या रंगाचा वास घरात येत होता. पेंटर कपाकडे बघत होता.

"सकाळपर्यंत जमलं असतं," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. मी जवळजवळ ओरडलोच, "मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तुमाला आता लिहावंसं वाटंल, हे मला सकाळी कुठं ठाऊक व्हतं?"

त्याने माझी चिठ्ठी नीट घडी करून अर्जात ठेवली, अर्ज प्लॅस्टिकमधे, प्लॅस्टिक पिशवीत. बायकोला "येतो, ताई" म्हणाला. मी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो, पण खाली उतरायचं मला धाडस झालं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही. पहिल्या वळणावर तो भिंतीला अंग लागू नये म्हणून कठड्याच्या बाजूने, तिरका होऊन उतरला.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तो फाटकाबाहेर पडला, तोंडात तंबाखू होती. दोन्हीकडे बघून त्याने रस्ता ओलांडला, पलीकडच्या गटारात थुंकला आणि बसस्टॉपकडे चालू लागला.